चष्म्याचा नंबर आधी, क्लासची फी नंतर

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, गणित घेतलेलं आहे. जन्म १४ ऑगस्ट २००९. दहावी मराठी माध्यमातून, ८९ टक्के. त्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जाऊन फायटर पायलट व्हायचंय. एका अकॅडमीने राहण्या-जेवणासह साडेतीन लाख सांगितलेत, 'सिलेक्शनची जबाबदारी आमची' म्हणतात. वार्षिक परीक्षा झाली की पहिला हप्ता भरायचाय. एक नातेवाईक म्हणतात, वर ओळख असल्याशिवाय तिथे काही होत नाही. मुलाला चष्मा आहे, उजवा उणे १.२५, डावा उणे १. यांची नोकरी प्रेसमध्ये, पैसे उभे करू शकतो. पण मार्ग बरोबर आहे का? धाकटी मुलगी नववीत आहे, तिनेही हाच हट्ट धरलाय.
– एक आई, नाशिक रोड

ताई, पत्रात चष्म्याची ओळ तुम्ही शेवटी-शेवटी लिहिलीत. आमच्या दृष्टीने ती पहिली ओळ आहे. बहुतेक घरांत हेच होतं. आधी क्लास लागतो, मग दोन वर्षं अभ्यास होतो, लेखी निघते, एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत, तीही निघते, आणि मिलिटरी हॉस्पिटलात डोळ्यांच्या टेबलाशी कळतं की ज्या जागेसाठी एवढं केलं तिथे हा नंबर चालतच नाही. म्हणून हप्ता थांबवा आणि क्रम उलटा करा.

एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जायचं तर एका डोळ्याला विनाचष्मा ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ दिसावं लागतं. तो ६/९चा डोळा चष्म्याने ६/६ होणारा चालतो, पण फक्त अधिक नंबरचा. उणे नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, तिथे चालत नाही. म्हणजे आजच्या नंबरवर फायटर पायलटचा हा दरवाजा तुमच्या मुलासाठी बंद आहे. वाईट वाटेल, पण आजच सांगा. लेझरने नंबर काढून टाकू असं कोणी सुचवलं तर तेही करू नका, एनडीएच्या प्रवेशाला लॅसिक झालेला डोळा चालत नाही. शस्त्रक्रिया केली तर आज उघडे आहेत ते दरवाजेही बंद होतील.

भूदलाचा मात्र उघडा आहे. तिथे उणे २.५च्या आतला नंबर चालतो, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांना ६/६ दिसलं पाहिजे. नौदलाचे निकष भूदलापेक्षा कडक आहेत, हवाई दलाच्या ग्राउंड ड्यूटीचे, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखेचे, वेगळे आहेत. परीक्षेच्या अधिसूचनेत शाखानिहाय तक्ता असतो, तो छापून घ्या आणि नेत्रतज्ज्ञांसमोर ठेवा. "नंबर किती?" एवढंच विचारू नका. चष्मा काढून स्नेलन तक्त्यावर किती दिसतं, सिलिंड्रिकल नंबर किती आहे, रंग ओळखता येतात का, पडदा ठीक आहे का, हे चार प्रश्न लिहून न्या. सोळाव्या-सतराव्या वर्षी उणे नंबर वाढत असतो. उणे १.२५चा दोन वर्षांत उणे २.२५ झाला तर भूदलाचीही सीमा दिसू लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. अंधारात मोबाइल नको, आणि रोज तासभर तरी उघड्यावर, उजेडात काढू द्या.

त्याच फेरीत घरच्या घरी आणखी काही बघता येतं. ओला पाय शहाबादी फरशीवर टेकवून उचलायला सांगा. अख्खा तळवा उमटला तर सपाट पाय असण्याची शक्यता आहे. मग त्याला चवड्यांवर उभं करा. तेव्हा कमान दिसली, पाय लवचीक असला, दुखत नसला, धावता-उड्या मारता येत असलं, तर सहसा अडत नाही. गुडघे एकमेकांना टेकवून सरळ उभा राहिला की दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर हवं. दात किडलेले असतील तर आत्ताच भरून घ्या, दातांना गुण असतात आणि किमान १४ लागतात. कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, वाढलेलं वजन ही नेहमीची कारणं आहेत आणि यातली बरीचशी वेळेवर दुरुस्त होतात. उंची मुलांना भूदल-नौदलासाठी किमान १५७ सेंटिमीटर, फ्लाइंगला १६२.५. आणि टॅटू काढायचा विचार कॉलेजात हमखास डोक्यात येतो. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू सोडून कुठेही गोंदलं तर पंचाईत होते.

आता जन्मतारीख. कोर्स सुरू होतो त्या सुमारास वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. अधिसूचना आधीच्या डिसेंबरात आणि मे महिन्यात निघते. अकरावीतल्या मुलाला अर्ज करता येत नाही, बारावीत असलेल्याला येतो. म्हणजे तुमच्या मुलाचा पहिला अर्ज मे-जून २०२६मध्ये, परीक्षा सप्टेंबर २०२६. पुढे एप्रिल २०२७, सप्टेंबर २०२७ आणि एप्रिल २०२८. सप्टेंबर २०२८ला तो वयातून बाहेर जातो. चार संधी. ऑगस्टऐवजी जूनमधला जन्म असता तर तीनच मिळाल्या असत्या, कारण एप्रिलच्या परीक्षेची वयाची रेषा १ जुलैच्या आसपास पडते. प्रत्येक अधिसूचनेत नेमक्या तारखा छापलेल्या असतात, अर्ज भरण्याआधी त्या जुळवा.

सप्टेंबर २०२६ची लेखी निघाली तर त्याची एसएसबी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येते, म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या तोंडावर. एसएसबीची तारीख निवडायला पर्याय मिळतात, पण एकदा निवडली की बदलून घेणं कठीण. तेव्हा पर्याय दिसताच बोर्डाचं वेळापत्रक शेजारी ठेवूनच निवडायची. बारावी नापास झाली तर सगळंच गेलं. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. मुलाने काही सोडायचा विचार केलाच तर केमिस्ट्री सोडू देऊ नका.

अर्ज यूपीएससीच्या ऑनलाइन पोर्टलवर. फी १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ. फॉर्म सोपा आहे, पण महाराष्ट्रातल्या मुलांचा घोळ नावात होतो. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलटं, आणि कधी वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षराने. आईच्या नावाच्या स्पेलिंगचे तीन प्रकार. यूपीएससी जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्रच धरते, तेव्हा नावही त्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करायचं असेल तर आत्ता करा, मे महिन्यात सेतू केंद्रासमोर रांगा असतात. परीक्षा केंद्र आधी अर्ज करणाऱ्याला आधी मिळतं, जवळची केंद्रं भरली की लांबचं पदरात पडतं. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

पसंतीक्रम हा त्या फॉर्ममधला सगळ्यात महाग रकाना. भूदल, नौदल, हवाई दल, नौदल अकादमी यांतल्या ज्या शाखा तुम्ही लिहाल त्यांचाच विचार होतो. फायटर पायलटच्या वेडात फक्त हवाई दल लिहून उणे नंबरची पोरं स्वतःचंच नाव कापून टाकतात. तुमच्या मुलाने भूदल पहिलं लिहावं. आणि उडण्याची हौसच असेल तर एक गोष्ट त्याच्या कानावर घाला. भूदलालाही स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत, आणि त्यांचे वैमानिक घडवणारी शाळा तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, गांधीनगरच्या धावपट्टीवर आहे. तिथले वैद्यकीय निकष वेगळे लागतात, त्यामुळे आत्तापासून त्यावर स्वप्न बांधू नये. पण नाशिक रोडच्या पोराने ती हेलिकॉप्टरं लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहिलीच असतील.

लेखीचे गुण ९००. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, १५० प्रश्न, त्यात २०० गुण इंग्रजीला, ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींना. प्रत्येकी अडीच तास. गणितात बरोबर उत्तराला २.५, चुकीला ०.८३ वजा. दुसऱ्यात बरोबरला ४, चुकीला १.३३ वजा. अलीकडच्या परीक्षांत लेखीची सीमा ९००पैकी साधारण २९० ते ३६०च्या पट्ट्यात राहिली आहे. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक हिशेब करून बघू. गणितात ६० प्रश्न सोडवले, ४५ बरोबर, १५ चूक. ११२.५ वजा साडेबारा, राहिले १००. दुसऱ्या पेपरात १०५ सोडवले, ७५ बरोबर, ३० चूक. ३०० वजा ४०, राहिले २६०. बेरीज ३६०. म्हणजे निम्म्याच्या आसपास बरोबर आणि चुका आवरल्या की पहिला उंबरा ओलांडला जातो. मात्र प्रत्येक पेपरात किमान टक्केवारीची अटही असते, एकट्या इंग्रजी-विज्ञानाच्या जिवावर गणित बुडवून चालत नाही.

चारांतला एक पर्याय डोळे झाकून ठोकला तर सरासरीने ना नफा ना तोटा. चारांतले दोन नक्की चुकीचे म्हणून खोडता आले तर अंदाज मारावा. हे घरी सराव करून हाताला लागतं, परीक्षेत सुचत नाही. गणिताच्या एका प्रश्नाला ७५ सेकंद मिळतात, कॅल्क्युलेटर नाही. मुलाचं ८९ टक्क्यांचं गणित बोर्डाच्या पद्धतीचं आहे, पायऱ्या लिहीत जाणारं. ती सवय मोडायला सहा-सात महिने लागतील. त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, व्हेक्टर, प्रॉबॅबिलिटी हे सगळं अकरावी-बारावीचंच आहे, वेगळं पुस्तक आणायच्या आधी कॉलेजचं पुस्तक संपवावं. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. दर रविवारी एक, घड्याळ लावून, सकाळी गणित आणि दुपारी दुसरा, जसं परीक्षेत असतं तसं. इतिहास-भूगोलासाठी एनसीईआरटीची सहावी ते दहावीची पुस्तकं पुरतात.

पेपर मराठीत नसतो, इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमाच्या मुलाची खरी अडचण व्याकरणाची नाही, शब्दसंग्रहाची असते. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान, त्यातले दहा शब्द वहीत, आणि आठवड्याने तेच शब्द वापरून घरात मोठ्याने बोलणं. चुकू द्या. भावंडं हसतील, तेही चालतं.

आता साडेतीन लाखांचा मुद्दा. लेखीला ९०० आणि एसएसबीला ९००, गुणवत्ता यादी १८००वर लागते. लेखी निघणारे हजारो असतात. जागा एका परीक्षेला एनडीएच्या ३७०, म्हणजे भूदल २०८, नौदल ४२, हवाई दल १२०, आणि वर नौदल अकादमीच्या थोड्या. क्लासच्या फ्लेक्सवर जे फोटो झळकतात ते बहुतेक लेखी उत्तीर्णांचे असतात. यूपीएससीची अंतिम यादी नावासकट जाहीर होते. अकॅडमीला विचारा, 'अंतिम यादीतली तुमची मुलं कोणती, कोणत्या वर्षीची?' आणि ती नावं यादीत स्वतः शोधा. 'सिलेक्शनची जबाबदारी' हे वाक्य लेखी द्यायला सांगा, लगेच भाषा बदलेल. ओळखीचं म्हणाल तर एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, गट-चाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे स्वतंत्रपणे जोखतात आणि एकत्र बसतात ते शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सला. वशिल्याने काम करून देतो म्हणणाऱ्याला पैसे दिलेत तर ते बुडालेच समजा.

लेखीचा निकाल लागला की दोन आठवड्यांत जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ही राहून गेल्याने पास झालेली मुलं एसएसबीच्या पत्राची नुसती वाट बघत बसतात. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी छाननी होते आणि बरीच मुलं संध्याकाळच्या गाडीला लागतात. त्यात बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि एक धूसर चित्र. ३० सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे क्लासची पोरं मारामारीला उतरतात, आवाज चढवतात, आणि पडतात. दुसऱ्या दिवशी १२ चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. ६० प्रसंग, अर्ध्या तासात. 'अंधारात सायकल पंक्चर झाली, सकाळी पेपर आहे, तो...' या प्रसंगावर पाठ केलेलं उत्तर येतं : 'तो धैर्याने परिस्थितीला सामोरा जातो.' याला गुण कशाचे मिळणार? 'सायकल ओळखीच्या दुकानात ठेवून रिक्षाने घरी गेला, मित्राला फोन करून सकाळी गाडीवर न्यायला सांगितलं.' हे उत्तर. वेळही कमी लागतो. अर्ध्या मिनिटाला एक प्रसंग लिहायचा असताना खोटं बोलायला उसंत मिळत नाही, चाचणीची रचनाच तशी आहे. पुढचे दोन दिवस मैदानावर : फळी, बल्ली, दोरी घेऊन गटाने अडथळे पार करणं, तीन मिनिटांत दहा वैयक्तिक अडथळे, छोटं भाषण.

इथे धावण्याची परीक्षा नसते. ती अग्निवीर भरतीची, तिच्याशी गल्लत करू नये. पण अकादमीत दाखल होताना १५ मिनिटांत २.४ किलोमीटर, २० जोर, २० सिट-अप्स, ८ चिन-अप्स आणि तीन-चार मीटर दोरीवर चढणं जमायला हवं असं सांगितलेलं असतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी साडेपाचला फेऱ्या, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, एवढं आठवड्यातून पाच दिवस झालं तरी पुरे. चिन-अप्सला मात्र चार-पाच महिने द्यावे लागतात.

मुलाखतीत माहिती-फॉर्मवर जे भराल तेच विचारतात. नाशिकचा म्हटल्यावर देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात सुखोई बांधली गेली आणि आता तेजसची जोडणी होते, लासलगावला कांद्याचा भाव का पडतो, सिंहस्थाची गर्दी शहर कशी पेलणार, हे यायला हवं. छंद 'वाचन' लिहिला आणि शेवटचं पुस्तक आठवलं नाही, असं करू नये.

आणि या एसएसबीच्या तयारीसाठी तुम्हाला नाशिक रोडच्या बाहेरही जावं लागणार नाही. राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र तुमच्याच भागात आहे. लेखी उत्तीर्ण होऊन एसएसबीला पात्र ठरलेल्यांना तिथे प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत. प्रवेश जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, तुकड्यांच्या तारखा तिथेच कळतात. उरलेल्या पैशांतून गणिताची एक चांगली शिकवणी आणि डोळ्यांची तपासणी सहज होईल.

दुसरी वाटही उघडी ठेवा. बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल तर भूदलाच्या टेक्निकल एंट्रीला यूपीएससीची लेखी न देता एसएसबीला बोलावतात, आणि पुढे बीटेक होतं. तेव्हा जेईई मेनचा फॉर्म भराच. पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा आहेच.

एनडीएत तीन वर्षांच्या शिक्षणाचा, राहण्या-खाण्याचा, गणवेशाचा खर्च सरकार करतं, पालकांकडून हातखर्चाचे आणि सुरुवातीचे काही पैसे लागतात. मध्येच मर्जीने सोडलं तर झालेला खर्च भरून द्यायचा बॉण्ड मात्र पालकांनाच करावा लागतो. सही करण्याआधी वाचा.

राहिली धाकटी. तिचं नशीब दादापेक्षा बरं, कारण ती वेळेत विचारतेय. मुलींना एनडीएत २०२२पासून प्रवेश आहे. जागा अजून कमी, भूदलाच्या २०८पैकी १० असं प्रमाण अलीकडच्या अधिसूचनांत दिसतं, त्यामुळे तिला गुण जास्त लागतील. पण दहावीनंतर दोन वर्षं एनडीएचीच तयारी करून घेणारी राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था नाशिकमध्येच आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला. दोन्हीकडे दहावीत असतानाच अर्ज करून प्रवेश परीक्षा द्यावी लागते, म्हणूनच दादाची ती संधी हुकली. ती दहावीत गेली की जानेवारीपासून जाहिरातीवर लक्ष ठेवा. प्रवेश परीक्षा गणितावर बरीच अवलंबून असते, तेव्हा आठवी-नववीचं बीजगणित आणि भूमिती तिच्याकडून या सुट्टीत पुन्हा एकदा करून घ्या. आणि दादाला डोळे तपासायला न्याल तेव्हा तिलाही बरोबर न्या.